काकांच्या जीपचं नाक

आमच्या घरमालकांसमोर ‘साधारण’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी जिना उतरता उतरता म्हणाले, “काका, आज साधारण आठपर्यंत येते.” ते फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होते. तेलाची बुधली खाली ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“साधारण म्हंजी किती, मॅडम? पावणेआठ का सव्वाआठ? अर्ध्या तासात माणूस जेवून, हात धुऊन झोपतं.”

“आठ,” मी म्हणाले.

“हां. असं सांगावं.”

त्या संध्याकाळी मी आठ वाजून चार मिनिटांनी आले. काका फाटकातच उभे होते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी मान हलवली. मला इतका राग आला की वर जाऊन मी दुसरं घर बघायचं ठरवलं. त्या घरात मी पुढे सहा वर्षं राहिले.

मी विमा कंपनीत मोटारींच्या क्लेमचं टेबल सांभाळायची. बदली होऊन संभाजीनगरला आले आणि दौलताबाद रोडला, पडेगावच्या अलीकडे, काकांच्या घराचा वरचा मजला मिळाला. खाली काका-काकू दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला. काका मूळचे गंगापूरकडचे. घरी ऊस, भाऊ शेती बघायचे. हे मात्र मिसरूड फुटायच्या वयात वाळूजला एका कारखान्यात लागले आणि तिथल्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं साचे बनवून निवृत्त झाले. साच्यात पत्रा दाबला की गाडीचा भाग तयार होतो. साचा केसाएवढा चुकला की पुढचे सगळे भाग चुकतात. म्हणून केसाएवढ्या चुकीला टूलरूममध्ये चूक म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात, असं काका सांगायचे. निवृत्तीनंतर टूलरूम सुटली, पण मापं सुटली नाहीत.

माझं सामान आलं त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरायच्या आतच त्यांनी त्यावर टेप फिरवली. जिन्याचं वळण त्यांना पाठच होतं. हमालांना म्हणाले, “जात नाय. अर्धा इंच कमी पडतंय.” हमाल हसले. पाऊण तास त्यांनी ते कपाट जिन्यात उभं केलं, आडवं केलं, भिंतीचा रंग खरवडला, एकाचं बोट चेंगरलं. काका खाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. शेवटी दोर लावून कपाट गच्चीवरून घेतलं. ‘मी सांगितलं व्हतं’ एवढंसुद्धा ते म्हणाले नाहीत, आणि तेच मला जास्त झोंबलं.

दाद द्यायची झाली तर त्यांच्याकडे एकच शब्द होता. दार चौकटीत नीट लागलं की म्हणायचे, “बसलं.” लोणच्यात मीठ बरोबर पडलं तरी “बसलं.” मुलीला बघायला आलेली मंडळी उठून गेल्यावर सगळं घर ह्यांच्या तोंडाकडे बघत होतं म्हणे, तेव्हाही ते एवढंच बोलले आणि लग्न ठरलं.

काकूंची मापं निराळी. मूठ, चिमूट, ओंजळ. काकांना ते बघवायचं नाही. एकदा त्यांनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणून ठेवला आणि काकूंना दहा वेळा मूठभर तांदूळ घ्यायला लावले. दहा वेळचा सगळा फरक मिळून दोन ग्रॅम. काकांनी काटा उचलून ठेवला. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात थांबवून म्हणाले, “मॅडम, ही टूलरूमला असती तर माझ्या वर असती.” हे त्यांनी काकूंना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. “तिला कशाला सांगायचं? तिला म्हायती हाय.” हा त्यांचा स्वभावच होता. जे मनात आहे ते समोरच्याला ठाऊकच असणार, असं ते धरून चालायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना, आणि वर टर्बो. दोघा माणसांना भाजी आणायला हे एवढं धूड कशाला, असं मीच काय, सगळ्या गल्लीनं विचारून झालं होतं. “ओढ हाय तिच्यात,” एवढंच उत्तर यायचं. सकाळी साडेसहाला ते जीप पुसायचे. रविवारी तिच्याखाली झोपायचे. काकू वरून चहाचा कप जमिनीवर ठेवायच्या आणि खालून एक काळा हात येऊन तो आत घ्यायचा.

मी राहायला आल्याच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, काकूंच्या बहिणीकडे खुलताबादला नातीचं बारसं होतं. काकू पैठणी नेसल्या होत्या, मांडीवर स्वतः शिवलेलं दुपटं आणि चांदीची वाळी. दौलताबादच्या पुढे घाट लागला आणि निम्म्यात जीपचा दम गेला, काटा लालवर. काकांनी एका वळणावर गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. भर दुपार. त्या वळणाला झाड नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी “अगं, फडकं दे,” असं म्हणून हात मागे केला. हात तसाच राहिला. वळून बघतात तर काकू नाहीत. खुलताबादकडे जाणारी काळीपिवळी, म्हणजे शेअर जीप, काकूंनी थांबवली होती आणि तिच्यात बसून त्या केव्हाच निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाचा काकूंना मोटारसायकलवरून घरी सोडून गेला. घरात चिडचीड नाही, आदळआपट नाही. चहा, नाश्ता, जेवण सगळं वेळेवर. पण त्या दिवसापासून काकू जीपमध्ये बसल्या नाहीत. बाजाराला रिक्षा, नाशिकला एसटी. एकदा मी ऑफिसातून येत होते तर रस्त्यावर काकूंची रिक्षा पुढे आणि काका त्याच वेगानं जीप घेऊन मागे. मंडईपर्यंत तसेच गेले म्हणे. मंडईत काकूंनी भाजी घेतली आणि परत रिक्षातच बसल्या.

“तिचं बराबर हाय,” काका मला म्हणाले. “तापणारं यंत्र माणसानं वापरू नाय. आता तापायचं बंद करतो, मग बसती का नाय बघा.” काका असे हिरमुसलेले मी पहिल्यांदाच बघितले. निवृत्तीनंतर दोघांनी जीपनं सगळा मराठवाडा हिंडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कुठल्या गावाला कधी, किती किलोमीटर, ते सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही त्यांनी मला दाखवली आणि लगेच मिटून ठेवली.

खरं काय ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं. काकूंच्या शेजारी बसून मी मेथी निवडत होते. मी म्हणाले, “काकू, आता तरी बसा की त्या जीपमध्ये. काका झुरताहेत.”

“गाडी तापली म्हणून कुणी रुसतं का गं पोरी?” काकू मान वर न करता म्हणाल्या. “यंत्र हाय, तापणारच. मी त्या उन्हात उभी, आणि ह्यांचं डोकं बॉनेटमधी. एकदा, एकदा तरी मान वर काढून म्हणावं, अगं, जरा टेक कुठंतरी. गाडीला बाटल्यांवर बाटल्या पाणी पाजलं. मला इचारलं नाय, तू पिलीस का म्हणून.”

“मग सांगा ना त्यांना हे.”

“सांगून कळलं तर काय कळलं? आणि तू बी सांगायचं नाय. माझी शपथ हाय तुला.”

माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशी शपथ घालणं म्हणजे शिक्षाच. त्यानंतरचे दहा महिने मी रोज बघत होते: काका मन लावून, रात्रंदिवस, भलत्याच रोगावर औषध शोधत होते.

रोगाचं निदान मात्र त्यांनी अगदी अचूक केलं, म्हणजे जीपच्या. मला त्यांनी सायकलचा पंप आणून दाखवला. पंप जोरात मारला की त्याचं तोंड हाताला चटका देतं. टर्बो तसाच हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करायला इंजिनाच्या डोक्यावर एक जाळीदार पेटी असते, इंटरकूलर. त्या पेटीवर बाहेरचं वारं यावं म्हणून बॉनेटला वर उचललेलं तोंड असतं, त्याला स्कूप म्हणतात. काकांच्या जीपला ते नव्हतंच. आधीच्या मालकानं गाडी कुठंतरी ठोकली होती आणि दुरुस्तीत बिगर टर्बोच्या गाडीचं सपाट बॉनेट बसवून घेतलं होतं. “नाक नाय तिला,” काका म्हणाले. “तोंड दाबून डोंगर चढवली व्हती मी तिला.” गाडीबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

बाजारात तयार स्कूप मिळतात, पण काकांच्या मते ते नुसते शोभेचे. भोक कुठं पाडायचं हेच आधी ठरायला हवं होतं. मोईनभाई म्हणाला, इंटरकूलरच्या वर पाडायचं, त्यात काय. मोईनभाई म्हणजे छावणीजवळ गॅरेज चालवणारा मिस्त्री, काकांचा एकुलता एक मित्र आणि रोजचा भांडणाचा गडी.

“तिथनं हवा आत जाती हे कुठं बघितलंस तू? हवा दिसती का डोळ्यानं?”

“दिखती नहीं काका, पर लगती तो हय ना.”

“लगती वगैरे मला सांगू नको. दिसली पायजे.”

आणि त्यांनी ती दिसायची सोय केली. काकूंच्या विणकामाच्या पिशवीतून मरून लोकरीचा गुंडा उचलला, त्याचे बोटभर तुकडे केले आणि बॉनेटवर चिकटपट्टीनं ओळीत चिकटवले. एकशे वीस. एका रविवारी सकाळी मिटमिट्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मी जीप चालवत होते, ताशी बरोबर चाळीसनं, आणि शेजारून मोईनभाईच्या स्कूटरवर मागे उलटे बसल्यासारखे वळलेले काका वहीत लिहून घेत होते. मध्येच ओरडायचे, “मॅडम, एकेचाळीस झालं!” चहाच्या टपरीवरच्या एकानं हात करून विचारलं, लगीन कुणाचं हाय. पुढचे दोरे बॉनेटवर उलटसुलट नाचत होते, मधले उभे राहून थरथरत होते आणि काचेकडचे शहाण्यासारखे मागे झोपले होते. काकांनी निष्कर्ष काढला की गाडीच्या तोंडावर आपटलेलं वारं बॉनेटला सोडून उडतं, आणि मागे जाऊन परत खाली बसतं. म्हणजे स्कूप मागच्या बाजूला हवा आणि त्याचं तोंड चार बोटं वर उचललेलं हवं. मला मनातून कौतुक वाटलं. घरी आल्यावर काकूंनी पिशवीत हात घातला, लोकर शोधली, अंगणातल्या जीपकडे बघितलं आणि भाच्याचा अर्धा स्वेटर बाजूला ठेवून दिला.

“बॉनेट कापायचं असेल तर आधी परवानगी काढा,” मी टेबलावरच्या आवाजात सांगितलं. “गाडीत बदल केला आणि कळवलं नाही तर उद्या क्लेमच्या वेळी मीच तुम्हाला परत पाठवीन.” काकांना हे फार आवडलं. त्यांनी माझ्या ऑफिसला आणि परिवहन कार्यालयाला एकेक अर्ज केला. सोबत स्कूपचं समोरून, वरून आणि बाजूनं काढलेलं ड्रॉइंग, मापांसकट. आमचे साहेब ते ड्रॉइंग बराच वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, हे गृहस्थ तुमच्या घरी राहतात का? मी म्हणाले, नाही, मी त्यांच्या घरी राहते.

परवानगी येईपर्यंत पुठ्ठ्याचे स्कूप झाले. सात. जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर, देवघराच्या खाली, सगळीकडे पुठ्ठ्याची नाकं. मग पत्रा शोधायला ते शहागंजपासून वाळूजपर्यंत फिरले आणि कुठलाच मनासारखा मिळाला नाही. शेवटी एका दुपारी मी घरी आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत मोठं भगदाड, आणि अंगणात काकूंच्या जुन्या कूलरचे तुकडे.

“असला पत्रा आता मिळत नाय,” काका हातोडीनं ठोकत म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. “माझ्या चुलीपुढचा कूलर कापला आणि गाडीला गारवा दिला,” त्या मला म्हणाल्या. “आता तूच सांग, मी काय बोलू?” काकांनी चार दिवसांत त्या खिडकीत नवा कूलर आणून बसवला, पण जो काही घाव बसायचा तो बसला होता.

स्कूप मात्र देखणा झाला. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं पत्रा ठोकून त्यांनी त्याला असा बाक दिला होता की हात फिरवत राहावंसं वाटे. त्याच्याखाली इंटरकूलरपर्यंत हवा नेणारा पत्र्याचा बोगदा. बॉनेट खाली सोडलं की तो बोगदा इंटरकूलरच्या कडेला असा भिडायचा की मध्ये कागद जाईल, पण दोन कागद जाणार नाहीत. मोईनभाईनं हे बघितलं आणि डोक्याला हात लावला.

“काका, इत्ता टाइट नक्को. इंजन जिंदा चीज हय, हिलता. दो उंगल जगा छोडो, नीचे रबर लगाओ.”

“रबर!” काका म्हणाले. “ज्याला मापात बसवता येत नाय, तो रबर लावतो.”

डिसेंबरात चाचणीला निघालो, मोईनभाई, काका आणि मागे मी. सपाट रस्त्यावर सगळं झकास. काका दर दोन मिनिटांनी “बसलं” म्हणत होते. घाटात दुसरा गिअर पडला, इंजिनावर जोर आला आणि बॉनेटखालून खाडखाड सुरू झालं, मग मोठ्यानं फुस्स, आणि मागे काळा धूर. बोगद्यानं धडका देऊन देऊन इंटरकूलरचा पाइप उडवला होता. मोईनभाईनं पाइप परत चढवला, काकांना इंजिनासमोर उभं केलं आणि स्वतः आत बसून रेस दिली. इंजिन एका अंगावर झुकलं, परत सरळ झालं, परत झुकलं.

काका बघत राहिले. “बत्तीस वर्षं मी सगळी मशिनं जमिनीला जखडलेलीच बघितली,” ते हळूच म्हणाले. “हे तर डुलतंय.”

“मैं बोल्या था,” मोईनभाई म्हणाला. परतीच्या वाटेवर तो हे आणखी तीनदा बोलला, आणि काकांनी तीनदा ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं बोगदा दोन बोटं कापला आणि खाली जाड रबराची झालर लावली. एवढ्या हौसेनं केलेलं काम असं कापताना त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

त्यानंतर जीप तापली नाही. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत नाही, मार्चच्या उन्हात पाच माणसं घालून घाट चढवली तरी नाही. काकांनी सगळे आकडे वहीत उतरवले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि काकूंसमोर जाऊन उभे राहिले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“चल. खुलताबादला जाऊन येऊ. आता तापत नाय.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “मला नाय यायचं.”

“कामून? तापत नाय म्हणतो ना मी!”

“ऐकलं की. न तापेना. मला नाय यायचं.”

संध्याकाळी काका वही घेऊन वर आले. माझ्या घरात ते कधी येत नसत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायेत. यात चूक कुठं हाय ते दाखवा.” वहीत तारखा, तापमान, वेग, गिअर, सगळं रेघा मारून लिहिलेलं होतं, आणि सगळ्यात खाली, त्याच नेटक्या अक्षरात, ‘सौ. : नकार’. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. दहा महिने दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण शपथ होती. मी म्हटलं, सांगणार नाही, विचारायला तर काही हरकत नाही.

“काका, त्या दिवशी घाटात गाडी किती वाजता बंद पडली?”

“बारा धा.”

“काटा कुठं होता?”

“लालच्या वर दोन घरं.”

“पाणी किती लागलं?”

“चार लिटर दोनशे.”

“आणि काकू उन्हात किती वेळ उभ्या होत्या?”

काकांनी वहीचं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. “ती…” ते म्हणाले. “ती साधारण…” वही मिटून ते जिना उतरून खाली गेले. मला वाटलं, आपण उगीच बोललो.

पुढचे तीन दिवस काका दुपारचे घरी नसायचे. मग रविवार आला. दाराशी त्यांची एक पाटी होती. बाहेर पडताना कुठं चाललो आणि किती वाजता येणार ते त्यावर खडूनं लिहायचे, दुधाला गेले तरी. त्या रविवारी पाटी कोरी होती. फोन टेबलावर, बीपीची गोळी वाटीत तशीच, जीप नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. काकू फाटकापर्यंत जाऊन परत येत होत्या. जिन्यात तो प्रश्न मीच विचारला होता, म्हणून मीही त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत जात होते. काकूंनी मोईनभाईला फोन लावला.

“काका? कल भी घाट में थे, परसों भी,” मोईनभाई म्हणाला. “मेरेकू लगा, टेस्टिंग हय. ठैरो, मैं आता.”

तो त्याची जुनी कार घेऊन आला. काकू होत्या तशा, घरातल्या साडीवर आणि घरातल्या चपलांवर पुढे बसल्या. जाताना फक्त पाण्याची बाटली उचलली. दौलताबाद मागे पडलं, घाट लागला. मी मागे बसून कडेला जीप शोधत होते. दोन वळणं गेली आणि जीप दिसली, कडेला लावलेली, स्कूप उन्हात चकाकत होता. बॉनेट बंद. काका जीपपासून दहा पावलांवर रस्त्याच्या कडेला उभे होते, सरळ, हात बाजूला. डोक्यावर टोपी नाही. चेहरा लालबुंद.

काकू गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या. “काय झालं गाडीला?”

“गाडीला काय नाय. काटा जागेवर हाय.”

“मग उन्हात काय करताय इथं?”

काकांनी घड्याळ बघितलं. “अजून बावीस मिनिटं हायेत.”

“कशाची?”

“तू उभी व्हतीस, त्याची. बारा धा ते एक धा. खुलताबादची काळीपिवळी या वळणावर एक धालाच येती. तीन दिवस येऊन बघितली मी.” काका काकूंकडे न बघता, समोर बघत बोलत होते. “इथं टेकायला बी जागा नाय गं. मला म्हायतीच नव्हतं.”

काकू एकदम रागावून म्हणाल्या, “आणि टोपी कुठं हाय?”

“मेमधलं ऊन चार डिग्री जास्त व्हतं. म्हणून काढून ठेवली.”

मोईनभाईनं तोंड दुसरीकडे वळवलं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. काकूंनी बाटलीचं झाकण काढून बाटली त्यांच्यापुढे धरली. “प्या आधी.”

काकांनी बाटली घेतली, तोंडाजवळ नेली आणि थांबले. मग ती तशीच काकूंकडे परत केली. “तू पिलीस का?”

काकूंनी एक घोट घेतला. मग काका प्यायले, निम्मी बाटली एका दमात.

“चला आता. बसा गाडीत,” काकू म्हणाल्या.

“एकोणीस राहिली अजून.”

“राहू द्या तेवढी. पुढल्या येळी लागतील.”

आणि त्या जीपकडे गेल्या, साडी जरा वर धरून पायरीवर पाय ठेवला, पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि दार ओढून घेतलं. काका अजून तिथंच उभे होते. काकूंनी आतून काचेवर दोनदा बोट वाजवलं, तेव्हा कुठं ते हलले.